परदेशी गिऱ्हाइकाकडून टपालखर्च किती घ्यावा? संग्राह्य वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी तिकिटं, नाणी, पोस्टकार्डं, ग्रामोफोन रेकॉर्ड, कॉमिक्स, ट्रेडिंग कार्डं, खेळण्यातल्या गाड्या... वस्तू कोणतीही असो, परदेशातून ऑर्डर आली की विक्रेते दोनपैकी एक चूक करतात. काही जण अंदाजाने आकडा टाकून पदरचे पैसे घालवतात, तर काही जण ‘सेफ साइड’ म्हणून इतका फुगवतात की गिऱ्हाईक पाकिटावरचं भाडं वाचून चिडतं. पाकिटावरचं भाडं बहुतेक वेळा दिसतंच, हे आधी ध्यानात घ्या.

टपालखर्चात नेमकं काय काय धरावं?

टपालाचं किंवा कुरिअरचं प्रत्यक्ष भाडं, ट्रॅकिंग आणि विम्याचे पैसे, त्या पार्सलला लागलेलं पॅकिंगचं साहित्य, आणि या सगळ्या रकमेवर वेबसाइट कापून घेते ते कमिशन. बस.

तुमचा वेळ, पोस्टात जायचा खर्च, प्रिंटरची शाई, वर्षभरात हरवलेल्या पार्सलांची भरपाई हे धंद्याचे खर्च आहेत. ते वसूल करायचेच, पण वस्तूच्या किमतीतून. ‘हँडलिंग’ या नावाखाली ते टपालखर्चात घुसवले की तक्रारी येतात. शिवाय वस्तू स्वस्त आणि टपाल अवाच्या सवा असा प्रकार बऱ्याच वेबसाइटच्या नियमांत बसत नाही.

वेबसाइट टपालखर्चावरही कमिशन घेते का?

बहुतेक मोठ्या वेबसाइट घेतात. ईबेचं कमिशन वस्तूची किंमत, टपालखर्च आणि कर मिळून होणाऱ्या एकूण रकमेवर लागतं. पैसे वळते करणारी सेवा वेगळी असेल तर तिची टक्केवारीही सहसा एकूण रकमेवरच असते.

इथे हिशेबाची एक चूक सर्रास होते. समजा भाडं आणि पॅकिंग मिळून १००० लागतात आणि कमिशन १३ टक्के आहे. विक्रेता १००० वर १३ टक्के चढवून ११३० घेतो. पण कमिशन ११३० वर लागतं, म्हणजे जवळपास १४७ कापले जातात आणि हातात ९८३ येतात. बरोबर पद्धत भागाकाराची: १००० ÷ ०.८७ = ११४९. त्यातून १३ टक्के गेले की हजार उरतात. एका पार्सलला १७ चा फरक किरकोळ वाटतो, पण महिन्याला शंभर पार्सलं जात असतील तर तो किरकोळ राहत नाही.

वस्तूचं वजन करूनच दर लावला, तरी पोस्टात जास्त पैसे भरावे लागले. का?

वजन वस्तूचं केलंत, पार्सलचं नाही. आधी पॅकिंग, मग वजन, मग जाहिरात, असा क्रम ठेवा. पॅक केलेली वस्तू विकली जाईपर्यंत तशीच ठेवता येत नसेल, तर निदान एकदा त्याच खोक्यात, त्याच पुठ्ठ्यासकट काट्यावर ठेवून बघा आणि आकडा लिहून ठेवा.

एका एलपी रेकॉर्डचं उदाहरण घ्या. तबकडी १२० ते १८० ग्रॅमची. कव्हर, आतलं पाकीट, वरची प्लास्टिकची पिशवी धरली की २५० च्या आसपास. मग रेकॉर्ड मेलर (रेकॉर्ड पाठवायचा चपटा खोका), दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठे, टेप, लेबल आणि कस्टम्सच्या कागदांसाठी चिकटवायची पारदर्शक पिशवी. सगळं मिळून पाचशेच्या अगदी काठावर येतं. टपालाचे दर पायऱ्यांनी चढतात. ५०० ग्रॅमला पायरी असेल आणि तुमचं पार्सल ५०८ भरलं, तर पुढच्या पायरीचे पूर्ण पैसे पडतात. त्या आठ ग्रॅमसाठी टेपचे चार वेढे जास्त मारलेले असतात, दुसरं काही नाही.

काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि ५ किलोपर्यंत चालणारा घ्या. पायरीच्या खाली किमान १५-२० ग्रॅम जागा सोडा. पोस्टाचा काटा आणि तुमचा काटा तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि दमट हवेत पुठ्ठा ओलावा धरून थोडा जड होतो.

रेकॉर्डचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. तबकडी कव्हरच्या आत ठेवून पाठवू नका. पार्सल आपटलं की तबकडीची कड कव्हरची शिवण उसवते. ती आतल्या पाकिटासकट बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा आणि दोन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. वजन वाढत नाही, आणि ‘कव्हर फाटलं’ म्हणून परत आलेल्या मालाचा दुहेरी टपालखर्च वाचतो.

खोका हलका आहे, तरी कुरिअरने वजन भलतंच जास्त लावलं. फसवणूक आहे का?

नाही, ते आकारमानाचं वजन आहे. विमानात जागा आधी संपते, म्हणून कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, की किलोत उत्तर येतं. भाजक काही सेवांचा वेगळा असतो, तो दरपत्रकात पाहा.

एक फिगर (संग्राह्य छोटी मूर्ती) मूळ खोक्यात आहे, खोका ४० × ३० × २५ सेंमी, वजन १.८ किलो. आकारमानाने तो ६ किलोचा होतो. पण संग्राहकाला मूळ खोकाही कोरा हवा असतो, म्हणून तुम्ही तो दुसऱ्या खोक्यात घालणार. चहूबाजूंनी ५ सेंमी मोकळी जागा ठेवली तर बाहेरचा खोका ५० × ४० × ३५ चा होतो आणि आकारमानाचं वजन १४ किलो. तीच जागा ३ सेंमी ठेवली तर ४६ × ३६ × ३१, म्हणजे सुमारे १०.३ किलो. दोन सेंटिमीटरांत पावणेचार किलोंचा फरक पडतो. म्हणून हाताशी आहे तो खोका वापरण्यापेक्षा मापाचा खोका विकत घेणं परवडतं. ३ सेंमीत भुसभुशीत कागद कोंबून भागत नाही, तिथे दाबली न जाणारी फोमची पाटी किंवा घट्ट गुंडाळलेला बबल रॅप हवा.

बाहेरून मोजा, आतून नाही. फुगलेली बाजूही मोजली जाते.

तिकिटं, पोस्टकार्डं, एखादं कार्ड साध्या लिफाफ्यातून पाठवलं तर?

जागतिक टपाल संघाच्या नियमांत पत्रांचे तीन आकार आहेत. लहान पत्र १६५ × २४५ मिमी, जाडी ५ मिमी, १०० ग्रॅमपर्यंत. मोठं पत्र ३०५ × ३८१ मिमी, जाडी २० मिमी, ५०० ग्रॅमपर्यंत. त्यापुढचं सगळं लहान पॅकेट, कमाल २ किलो. लहान पॅकेटची लांबी, रुंदी, उंची मिळून ९० सेंमीच्या आत हवी आणि कोणतीही एक बाजू ६० च्या वर नको. पोस्टर गुंडाळी करून नळीतून पाठवत असाल तर लांबी अधिक दुप्पट व्यास १०४ सेंमीपर्यंत आणि लांबी ९० पर्यंत चालते.

घोळ इथे आहे: आतली वस्तू कागदाची असली तरी ती विकलेला माल आहे, कागदपत्र नाही. परदेशी मालासाठी कस्टम्सची इलेक्ट्रॉनिक माहिती आगाऊ पाठवावी लागते, आणि त्यामुळे अनेक टपाल खाती माल असलेला साधा लिफाफा आता घेत नाहीत. तो पॅकेट म्हणून जातो आणि दर वाढतो. जाहिरातीत पत्राचा दर टाकण्याआधी आपल्या टपाल खात्याचा नियम पाहा.

नाण्यांचं आणखी वेगळं आहे. नाणी, नोटा, सोनं-चांदी, रत्नं हे विमा नसलेल्या टपालातून पाठवायला संघाचा नियम मनाई करतो. दोन्ही देशांचा कायदा परवानगी देत असेल तरच ते बंद लिफाफ्यात रजिस्टर्ड जाऊ शकतात. म्हणजे नाण्यांच्या टपालखर्चात विमा किंवा रजिस्ट्रेशन धरूनच आकडा काढायचा.

सगळ्या देशांना एकच दर ठेवू, की प्रत्येकाला वेगळा?

वेबसाइटवर वजन आणि मापं टाकून आपोआप दर काढायची सोय असेल तर तीच वापरा. वाद सगळ्यांत कमी तिथेच होतात. नसेल तर देशांचे चार-पाच गट करा आणि प्रत्येक गटाचा वेगळा दर लावा. जगभर एकच दर म्हणजे जवळच्याने लांबच्याचं भाडं भरायचं. जवळच्याला ते पटत नाही आणि तो दुसरीकडून घेतो. मग तुमच्याकडे लांबचेच उरतात आणि सरासरीवर ठरवलेला दर तोट्यात जातो.

कुरिअरने पाठवत असाल तर इंधन अधिभार आणि दुर्गम भागाचा अधिभार विसरू नका. दुर्गम भागाचा अधिभार पिनकोडवर ठरतो, त्यामुळे बेटांवरच्या आणि डोंगराळ पत्त्यांचा दर आधी काढून घ्यावा.

एकाच गिऱ्हाइकाने पाच वस्तू घेतल्या. पाच वेळा टपालखर्च घ्यायचा का?

नाही. संग्राहक एकदम बरंच घेतो, आणि तो परत येतो की नाही हे बहुधा इथेच ठरतं.

वर पाहिलेल्या एलपीचंच घ्या. एक रेकॉर्ड पॅक करून ४८५ ग्रॅम. पुढची प्रत्येक, मधल्या पुठ्ठ्यासकट, २७० ग्रॅम वाढवते. दोन रेकॉर्ड ७५५, तीन १०२५, चार १२९५, पाच १५६५, सहा १८३५, सात २१०५. दरांच्या पायऱ्या ५००, १०००, २००० ग्रॅमच्या असतील तर एकीचा दर पहिला, दोनचा दुसरा, आणि तीनपासून सहापर्यंत दर एकच. सातवी मात्र २ किलोच्या मर्यादेबाहेर जाते. तिथे पार्सलचा दर लागतो, किंवा दोन पॅकेटं करावी लागतात.

हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा: ‘तीन घेत आहात, त्याच टपालखर्चात आणखी तीन बसतात.’ यापेक्षा चांगली जाहिरात नाही. उलट ‘पुढच्या प्रत्येक वस्तूला अर्धा टपालखर्च’ असा सरसकट नियम दिसायला उदार असतो, पण वरच्या उदाहरणात चौथ्या-पाचव्या रेकॉर्डला तुमचा टपालखर्च शून्य असताना तुम्ही अर्धा घेत असता.

पोस्टकार्डांत हे जास्तच जाणवतं. एक जुनं पोस्टकार्ड ४-५ ग्रॅमचं असतं. पुठ्ठा आणि लिफाफा एकदा लागला की पुढची दहा कार्डं त्याच पायरीत जातात. पहिल्या कार्डाला पूर्ण आणि पुढच्यांना शून्य, ठरावीक संख्येपर्यंत, असा दर ठेवावा.

व्यवहाराची शिस्त: एकत्रित बिल मिळेपर्यंत पैसे भरू नका, असं जाहिरातीतच लिहा. पैसे भरल्यावर फरक परत करायचा तर काही सेवा मूळ कमिशन परत देत नाहीत आणि चलन बदलण्यातही थोडं झडतं. लिलाव चालू असताना माल किती दिवस थोपवून धराल तेही सांगा. दोन आठवडे पुरे.

‘टपाल मोफत’ ठेवलं तर जास्त खपतं ना?

देशात खपतं. परदेशासाठी टाळलेलं बरं. मोफत म्हणजे किमतीत मिसळलेलं, आणि पाच वस्तू घेणारा पाच वेळा टपालखर्च भरतो. हलक्या, ठरावीक आकाराच्या मालालाच ते शोभतं.

ट्रॅकिंग आणि विमा गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडावा का?

विमा ‘ऐच्छिक’ ठेवून जबाबदारी झटकता येते, हा गैरसमज आहे. माल पोचला नाही तर बहुतेक वेबसाइट पैसे विक्रेत्याकडूनच परत घेतात. विमा तुमचं संरक्षण करतो, तेव्हा किती रकमेच्या वर विमा सक्तीचा ते तुम्हीच ठरवा आणि तो टपालखर्चात धरा. त्या रकमेच्या खाली धोका पत्करायचा तर पत्करा, पण गिऱ्हाइकावर ढकलू नका. पॉलिसीत संग्राह्य वस्तू वगळलेल्या नाहीत ना, हे पैसे भरण्याआधी वाचा. भरपाई मागताना किमतीचा पुरावा आणि पॅकिंगचे फोटो लागतात.

टपालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक १३ खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर बघा. आर असेल तर रजिस्टर्ड, व्ही असेल तर विमा उतरवलेलं, सी असेल तर पार्सल, ई असेल तर स्पीड पोस्टसारखी एक्सप्रेस सेवा. यूने सुरू होणारा क्रमांक कस्टम्सच्या माहितीसाठी असतो, त्यावर घरपोच ट्रॅकिंग मिळत नाही. ‘ट्रॅकिंगसह’ म्हणून पैसे घेऊन यूचा क्रमांक दिलात तर वादात तुमची बाजू लंगडी.

गिऱ्हाईक म्हणतं, कस्टम्सच्या फॉर्मवर ‘भेट’ लिहा किंवा किंमत कमी लिहा. लिहावं का?

नाही. ते खोटं निवेदन आहे आणि सही तुमची असते. पार्सल हरवलं तर भरपाईही लिहिलेल्या किमतीपुरतीच मिळते.

३०० एसडीआरपर्यंतच्या मालाला सीएन २२, त्यावर सीएन २३ हा फॉर्म लागतो. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, त्याचा रोजचा दर प्रसिद्ध होतो. वर्णन नेमकं लिहा. ‘जुनी वस्तू’ किंवा ‘संग्रह’ लिहिलं की पार्सल अडकतं. ‘वापरलेली टपाल तिकिटं, ४० नग’ लिहिलं की सुटतं. सहा आकडी एचएस कोडही (माल कोणत्या वर्गातला ते सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) द्या. त्याचे पहिले चार आकडे पाहिले तर टपाल तिकिटं ९७०४ मध्ये, नाणेशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची नाणी ९७०५ मध्ये, शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुराणवस्तू ९७०६ मध्ये येतात. छापील पोस्टकार्डं ४९०९ आणि खेळणी ९५०३. जुनं खेळणं म्हणून ते आपोआप ९७०५ मध्ये जात नाही. कोड बरोबर असणं गिऱ्हाइकाच्या फायद्याचं आहे, कारण ९७ ने सुरू होणाऱ्या कोडच्या मालाला अनेक देशांत सीमाशुल्क नसतं किंवा आयातकर कमी असतो. ब्रिटनमध्ये अशा मालावर आयातीच्या वेळी व्हॅट प्रत्यक्षात ५ टक्के पडतो.

आयातकर कोणी भरायचा?

तुम्ही काही वेगळं कबूल केलं नसेल तर घेणाऱ्याने. पण ते जाहिरातीत लिहायला हवं, आणि त्यात कुरिअरची कर भरून देण्याची फीही असते हेसुद्धा.

नियम झपाट्याने बदलले आहेत. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतची व्हॅटमाफी काढली. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी थांबवली, तेव्हा अनेक टपाल खात्यांनी काही काळ तिकडची पार्सलं घेणंच बंद केलं होतं. वेबसाइट स्वतः कर गोळा करत असेल तर तिने दिलेला नोंदणी क्रमांक इलेक्ट्रॉनिक माहितीत टाकायचाच. नाहीतर गिऱ्हाईक दोनदा कर भरतं आणि दोष तुम्हाला देतं.

फुगवलेल्या टपालखर्चाचा आणखी एक फटका आहे. युरोपात आयातकर काढताना वस्तूच्या किमतीत वाहतूक खर्च मिळवला जातो. म्हणजे तुम्ही टपालखर्चात २०० जास्त लावलेत तर गिऱ्हाईक त्या दोनशेवर करही भरतं.

गिऱ्हाइकाच्या देशातून इकडे येणारं पार्सल स्वस्त आणि इकडून तिकडे जाणारं महाग, असं कसं?

पार्सल घरपोच करण्याबद्दल पाठवणारं टपाल खातं घेणाऱ्या देशाच्या खात्याला पैसे देतं. हे दर दोन्ही दिशांना सारखे नसतात. सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक टपाल संघाच्या जिनिव्हातल्या विशेष अधिवेशनात काही देशांना लहान पॅकेटचे हे दर स्वतः जाहीर करायची मुभा मिळाली. अमेरिकेने ती १ जुलै २०२० पासून वापरली. ‘तुमच्याकडून येताना तर निम्मेच लागले होते’ असं गिऱ्हाईक म्हणालं तर ते खोटं बोलत नसतं. त्याला इतकं उत्तर पुरतं.

प्रत्यक्ष भाडं कमी लागलं. फरक परत करायचा का?

घेतलेल्या टपालखर्चाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरत असतील तर करा, त्याखालचं सोडून द्या. जास्त लागले तर मागू नका, चूक तुमची. अपवाद एकच: गिऱ्हाइकाने नंतर पत्ता किंवा सेवा बदलली तर.

पार्सल न स्वीकारता परत आलं तर?

पार्सलासोबतच्या फॉर्मवर ‘परत पाठवा’ की ‘सोडून द्या’ अशी खूण करायची सोय असते. संग्राह्य वस्तूला नेहमी ‘परत पाठवा’वर खूण करा. पार्सलाच्या परतीचं भाडं तुम्हाला पडू शकतं. कर भरायचा नाही म्हणून गिऱ्हाइकाने नाकारलं तर परतीचा टपालखर्च कापून उरलेले पैसे देणं रास्त, पण वेबसाइटचं धोरण आधी वाचा. युरोपीय संघातल्या ग्राहकांना विकणाऱ्या व्यावसायिकाला, ग्राहकाने माल मिळाल्यापासून १४ दिवसांत खरेदी रद्द केल्याचं कळवून माल परत केला तर, जातानाचा साधा टपालखर्चही परत करावा लागतो. तिथे फुगवलेला टपालखर्च तुमच्याच खिशातून जातो.

काही वस्तू परदेशी पाठवताच येत नाहीत का?

हस्तिदंत, कासवाची पाठ, काही प्राण्यांची कातडी यांना साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. वस्तू जुनी आहे एवढं पुरत नाही. अनेक देश पुरावस्तूंच्या निर्यातीला परवाना मागतात, आणि युरोपीय संघाने २८ जून २०२५ पासून आयातीलाही कागद लावले आहेत. अत्तराच्या भरलेल्या बाटल्या आणि सेल्युलोज नायट्रेटची जुनी फिल्म ज्वलनशील माल आहे. जुन्या कॅमेऱ्यातली, खेळण्यातली बॅटरी काढून ठेवा. अशा वस्तूंच्या जाहिरातीत परदेशी टपालखर्चाचा रकाना बंदच असावा.

जाहिरातीत मजकूर कसा लिहावा?

असा: ‘पॅक केलेलं वजन ४८५ ग्रॅम, माप ३३ × ३३ × ३ सेंमी. टपालखर्चात रजिस्टर्ड भाडं, विमा आणि पॅकिंग आलं. तुमच्या देशातला आयातकर आणि त्याची फी वेगळी, ती तुम्ही भरायची. एकाहून जास्त वस्तू घेतल्यास एकत्रित बिल मागवा, पैसे नंतर भरा. किंमत आणि वर्णन फॉर्मवर खरं लिहिलं जातं.’

दर किती दिवसांनी तपासायचे?

टपालाचे दर जाहीर होतील तेव्हा, कुरिअरचा इंधन अधिभार दर महिन्याला. जाहिरात सहा महिने जुनी असेल तर ऑर्डर स्वीकारण्याआधी एकदा.